ताईबाई बोलणं वाचतात

सणसरच्या ताईबाई मखरे यांचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली, मग अंगणातून मारलेली हाक गेली, आणि साठी जवळ आली तेव्हा समोर बसलेल्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायला लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाची नस कमजोर झालीय, मशीन लावून बघा. मशीन आणलं. पण ते कानात घातलं की पत्र्यावर कुणीतरी खडे ओततंय असं वाटायचं. त्यातून शब्द काही केल्या निवडून निघायचा नाही. महिनाभर सोसलं आणि मग ते मशीन डबीत घालून कपाटात ठेवून दिलं.

बाई मूळच्या बोलक्या. माहेर सांगवीचं. वडिलांनी आपल्या बापाबरोबर कोवळ्या वयात बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली आणि तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट, की घरातली एकही पोर अंगठा लावणार नाही. पाच बहिणींत ताईबाई सर्वांत पुढे गेल्या, दहावी झाल्या. लग्न होऊन सणसरला आल्या आणि चाळिशीत वर्षावासातलं ग्रंथवाचन त्यांच्याकडे आलं. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी, शेतातली माणसं हातपाय धुऊन विहारात जमायची आणि ताईबाई वाचायच्या. अवघड जागा आली की थांबून आपल्या भाषेत उकलून सांगायच्या. कुणी काही विचारलं तर त्यावर अर्धा-अर्धा तास बोलणं चालायचं. सतरा वर्षं हे चाललं.

मग एका वर्षी ते तुटलं. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळे तो केवढा निघतोय हे त्यांना कळेना. त्या दिवशी त्यांनी सुरुवात केली ती एवढ्या मोठ्यानं, की पुढं बसलेल्या एका बाईच्या मांडीवरचं लेकरू दचकून रडायला लागलं. ताईबाईंनी आवाज खाली आणला, तर तो इतका खाली गेला की मागची माणसं कानाला हात लावून पुढे सरकायला लागली. कोपऱ्यात दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ते काही ऐकायला लागत नाही, दिसतं. ताईबाईंनी पान पूर्ण केलं, ग्रंथ मिटला आणि पुतण्याच्या, धम्मदीपच्या हातात दिला. धम्मदीप हायस्कुलात शिक्षक, वाचन त्याला अवघड नव्हतं. तेव्हापासून तो वाचायचा आणि ताईबाई मागच्या भिंतीला टेकून, एक अक्षर कळत नसताना, शेवटपर्यंत बसून राहायच्या.

अशी पाच वर्षं गेली. घरात बोलणं उरलंच नाही म्हटलं तरी चालेल. मालक, बाजीराव, हाताचा पेला करून तोंडाला लावायचे, म्हणजे चहा. बोट वर करून फिरवायचे, म्हणजे मोटर चालू कर. मुलगा अनुप बारामतीला एमआयडीसीत कामाला. सकाळी जायचा, दमून यायचा, आईच्या खांद्यावर हात ठेवून आत जायचा. माया सगळ्यांना होती, पण ओरडून ओरडून माणूस थकतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, सून पिंकी ओट्यावर बसून बहिणीला निरोप धाडत होती. दोन्ही हात कणकेत, म्हणून तिनं मोबाईल समोर ठेवला आणि तोंडानंच सांगायला सुरुवात केली. शेजारी लसूण सोलत बसलेल्या ताईबाईंची नजर सहज त्या काचेवर गेली. पिंकीचे ओठ हलत होते आणि तिथं अक्षरं उमटत होती. "ताई मी उद्या येते लाडू घेऊन येते."

ताईबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"पिंके," त्या म्हणाल्या, "तू उद्या म्हायेरी चाललीस?"

पिंकी चरकली. हे तिनं अजून घरात कुणाला सांगितलंच नव्हतं.

"तुमाला कसं कळलं, आई?"

तेही उमटलं. 'तुम्हाला कसं कळलं आई.' ताईबाईंनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि मोबाईल उचलून सुनेच्या तोंडासमोर धरला.

"बोल. अजून बोल. काय बी बोल."

"आज वांग्याची भाजी केली," पिंकी म्हणाली. ताईबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग पिंकीला रडू आलं, आणि ताईबाई तिच्यावर ओरडल्या, की रडू नको, रडलेलं हितं उमटत न्हाय.

दुसऱ्या दिवशी पिंकी माहेरी गेली ती सासूला आपला जुना मोबाईल देऊन गेली. तो कपाटात पडून होता. काचेला कोपऱ्यात तडा, बॅटरी अशी की वायर काढली की तासाभरात मान टाकायचा. त्यात सिमकार्ड नव्हतं. पण घरातल्या वायफायवर तो चालत होता आणि ताईबाईंना तेवढं पुरत होतं. धम्मदीपनं त्यात एक ॲप घालून दिलं. निरोपाच्या माईकसारखं ते दर वाक्याला थांबत नव्हतं. समोर कुणीही बोलो, ओळीमागून ओळी मोठ्या अक्षरात उतरत राहायच्या. ताईबाईंनी चहाच्या रिकाम्या डब्याला तो मोबाईल दोन रबरांनी उभा बांधला, डबा वाळूनं भरला म्हणजे लवंडायचा नाही, आणि ओट्यावर प्लगाशेजारी मांडून ठेवला.

शेजारच्या द्वारकाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांची पेरूची बाग मखऱ्यांच्या बांधाला लागून. रोज दुपारी त्या यायच्या, ताईबाईंकडे बघून हात हलवायच्या आणि पिंकीशी बोलत बसायच्या. पिंकी माहेराहून परतली त्या दिवशीही बसल्या. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "तुजी सासू लई हुशार बाई होती गं. आता बघ, निस्ती भावलीवानी बसती."

ताईबाईंनी डब्याकडे पाहिलं. वाचलं. हातातली जुडी खाली ठेवली, पदर झटकला आणि उठल्या.

"द्वारकाबाय, बसा. भावली च्या टाकती."

द्वारकाबाईंचा चेहरा असा झाला की पिंकीला घरात पळावं लागलं. चहा येईपर्यंत त्या बिचाऱ्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. चहा घेताना त्यांनी ताईबाईंचा हात धरला आणि डब्याकडे तोंड करून म्हणाल्या, "चुकलं माजं." ताईबाई म्हणाल्या, "अवो, पाच वर्सांत तुमी माज्याबद्दल काय बोलता ते मला पयल्यांदा कळलं. बोलत जावा. निदान मला कळू द्या."

एक अडचण मात्र होती. त्या यंत्राला पुस्तकातलं मराठी कळायचं, सणसरचं दर वेळी कळायचं नाही. द्वारकाबाई म्हणाल्या, "आमच्या हितं लाईट न्हाय," तर काचेवर आलं, 'आमच्या हिताला आईट न्हावी.' ताईबाईंनी विचारलं, "न्हावी कशाला बोलावला?" मग द्वारकाबाईंनी ताठ बसून, घसा साफ करून, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईसारखं सांगितलं, "ताईबाई, आमच्या घरी वीज नाही." ते बरोबर उमटलं. तेव्हापासून गल्लीत एक नवी रीत पडली. ताईबाईंच्या ओट्यावर पाय ठेवला की माणसं शुद्ध बोलायला लागायची. उसाला पाणी देऊन चिखलाच्या पायांनी आलेला गडीसुद्धा म्हणायचा, "काकी, थोडे पाणी प्यायला मिळेल का?"

बाजीराव तेवढे बधेनात. "मी डब्याशी बोलायचा न्हाय," असं त्यांनी डब्यासमोरच सांगितलं, आणि ते उमटलंही.

ताईबाईंनी वाद घातला नाही. त्यांचं डोकं वेगळ्याच दिशेला धावत होतं. मोबाईलमध्ये आवाज ओळखून खूण करायची सोय असते असं धम्मदीपच्या बोलण्यात आलं होतं. त्यांनी त्याच्याकडून ती शिकून घेतली. कुकरची शिट्टी यंत्राला दोन-चार वेळा ऐकवली आणि तिला नाव दिलं. तसंच दाराची कडी. तसंच म्हशीचं हंबरणं. यातला एखादा आवाज झाला की मोबाईल थरथरायचा आणि त्याची बत्ती लुकलुकायची. करपलेल्या डाळीचे दिवस संपले. चूक एकच व्हायची. बाजीराव खोकले की काचेवर यायचं, 'कुत्रा भुंकतोय.' ताईबाईंनी ती चूक दुरुस्त करायचं मनावर घेतलं नाही.

अनुपचा आणखी एक जुना मोबाईल ट्रंकेत निघाला, तो त्यांनी गोठ्यात लावला. म्हैस गाभण होती, तिच्याकडे लक्ष राहावं म्हणून. दुपारी त्या गोठ्यात मोबाईल बघायला गेल्या तर बोलणं लिहिणारं ॲप सकाळपासून चालूच राहिलेलं, आणि काच ओळींनी भरून गेलेली. त्यांना वाटलं, काहीबाही उमटलं असेल. वाचायला लागल्या.

'ऐकतेस का ताई आज पाणी खालच्या सरीपर्यंत गेलं.'

'ऐकतेस का अनुप दोन घास खाऊन गेला त्याला काहीतरी काळजी आहे.'

'ऐकतेस का माझा गुडघा परत दुखतो तुला सांगितलं तर तू दवाखान्यात नेशील म्हणून सांगत नाही.'

गोठ्यात म्हशीखेरीज कुणी नव्हतं. नवरा पाच वर्षं वैरण टाकताना, शेण काढताना दिवसाची सगळी हकीकत बायकोला सांगत होता, बायको समोर नसताना. ताईबाई गव्हाणीच्या कडेवर बसल्या आणि सगळं वाचून काढलं. मग डोळे पुसून घरात आल्या. बाजीराव भाकरी खात होते.

"उद्या बारामतीला जाऊ," ताईबाई म्हणाल्या. "गुडघा दाखवाय."

बाजीरावांच्या हातातला घास हातात राहिला. त्यांनी पिंकीकडे पाहिलं, पिंकीनं मान हलवली की मी नाही. मग बाजीराव उठले, ओट्यावर गेले, डबा उचलून आणून ताटाशेजारी ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "मंगळवारी जाऊ. उद्या पाण्याची पाळी हाय."

घर बोलतं झालं. पण ताईबाईंच्या मनात दुसराच काटा होता आणि तो त्यांनी कुणाला दाखवला नव्हता. जूनमध्ये त्यांनी पिंकीला विचारलं, "माणसाचा आवाज केवढा निघतो ते दाखवणारं काय असतं का गं यात?"

असतं. आवाज मोजायचं ॲप. काचेवर एक अर्धगोल, त्यात काटा. आवाज वाढला की काटा उजवीकडे जायचा. ताईबाईंनी पिंकीला बोलायला लावलं, द्वारकाबाईंना बोलायला लावलं, धम्मदीपला विहारात वाचतो तसं वाचायला लावलं, आणि काटा कुठं कुठं जातो ते पाहून ठेवलं. मग पिंकीच्या पाकिटातून दोन टिकल्या घेतल्या. हिरवी टिकली काचेवर जिथं चिकटवली तिथवर काटा पोचला पाहिजे, म्हणजे मागच्या माणसाला ऐकू जाईल. तांबड्या टिकलीच्या पुढं गेला की लेकरं रडतील.

रोज सकाळी, माणसं रानात गेली की त्या पाण्याच्या मोटरच्या खोलीपाशी जायच्या. एका दगडावर मोबाईल, दुसऱ्यावर स्वतः, मांडीवर ग्रंथ. पहिले काही दिवस काटा वेड्यासारखा उड्या मारायचा. वाक्याची सुरुवात तांबडीच्या पार, शेवट हिरवीच्या अलीकडे. मग त्यांना हळूहळू उमजलं की कान नसले तरी आवाज छातीत कळतो. काटा दोन टिकल्यांच्या मध्ये असला की बरगडीत अमुक एवढी थरथर होते, गळ्याला बोट लावलं तर अमुक एवढी. ती थरथर त्यांनी पाठ केली. सव्वा महिना लागला. एकदा द्वारकाबाई पेरूच्या बागेतून ऐकत उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हातानंच खूण केली, अंगठा आणि बोट जुळवून, की झकास. ताईबाईंनी त्यांना दटावलं, "कुणाला बोलाल तर बघा."

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्या धम्मदीपच्या घरी गेल्या. डब्यासकट दोन्ही मोबाईल पिशवीत.

"उद्या मी वाचती."

ताईबाईंनी डबा काढून धम्मदीपपुढं ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाचन तुटलं तो दिवस आठवला असणार. मग त्यानं डब्याकडे तोंड करून, शब्द जपून जपून टाकत सांगितलं, "काकी, तुम्हाला त्रास होईल असं काही व्हायला नको."

"मला त्रास व्हायचा तो पाच वर्सं झालाय," ताईबाई म्हणाल्या. "तू फक्त वायरीचं बघ."

दुसऱ्या संध्याकाळी विहारात नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. बातमी फुटली होती, आणि ती कुणी फोडली हे द्वारकाबाई पहिल्या रांगेत बसल्यावरून दिसतच होतं. धम्मदीपनं विजेचा बोर्ड ओढून आणला, स्वतःच्या मोबाईलचं नेट जोडून दिलं. वंदना झाली. ताईबाई ग्रंथापुढं बसल्या. डाव्या हाताला काट्याचा मोबाईल, उजव्या हाताला बोलणं लिहिणारा. पिंकी मागच्या भिंतीशी बसली होती, ताईबाई इतकी वर्षं बसायच्या तिथंच.

पहिलं वाक्य वाचताना त्यांची नजर काट्यावरून हलत नव्हती, त्यामुळे ओळ चुकली. त्यांनी थांबून ती पुन्हा घेतली. दुसऱ्या पानावर काटा कमी बघितला. तिसऱ्या पानापासून बघितलाच नाही. एका जागी, जिथं सांगणाऱ्याला आवाज चढवावाच लागतो, तिथं त्यांनी चढवला. काटा तांबड्या टिकलीच्या पार गेला हे त्यांना छातीतच कळलं. त्यांनी वर पाहिलं. कुणी दचकलं नव्हतं. पुढच्या रांगेतली माणसं पुढं झुकून ऐकत होती.

वाचन संपलं आणि प्रश्न सुरू झाले, तेव्हा मात्र गोंधळ उडाला. पाच वर्षं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. एक जण विचारतोय, दुसरा त्याला उत्तर देतोय, तिसरा म्हणतोय प्रश्नच चुकीचा आहे. उजवीकडच्या काचेवर नुसता काला झाला. ताईबाईंनी तो वाचायचा प्रयत्न केला, मग हात वर केला.

"हे बघा. हितं लिवलंय, 'दुःखाचं मूळ ट्रॅक्टरवाला उद्या येतो म्हणाला.' मला कळंना. एकेकानं बोला. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करा."

माणसं पोट धरून हसली. मग हात वर व्हायला लागले. एक बोलला की बाकीचे थांबायचे. ताईबाई वाचायच्या, मान हलवायच्या, उत्तर द्यायच्या. तास कधी गेला कळलं नाही. जाताना धम्मदीप म्हणाला, की ग्रामसभासुद्धा इतकी शिस्तीत कधी झाली नव्हती. तीन महिने ताईबाईंनी वाचन केलं. एक दिवस चुकवला, तो म्हैस व्यायली म्हणून.

ही हकीकत सणसरपुरती राहिली नाही. निमगाव केतकीच्या म्हस्कू बनसोडेंपर्यंत ती गेली. त्यांची उमर ताईबाईंच्या उमरीएवढीच. जन्मभर पिठाच्या गिरणीवर काम केलं, त्यात कान गेले. त्यांची सून मोना हिनं पिंकीला फोन केला, की आमच्या मामंजींनाही असं काही करून द्या. ताईबाई स्वतः निघाल्या. अनुपच्या मित्रानं फेकायला काढलेला एक मोबाईल नीट करून घेतला, वाळूचा डबा केला आणि इंदापूरच्या एसटीनं निमगावला उतरल्या.

सगळं मांडून झालं. मोना बोलली. अक्षरं उमटली. म्हस्कू त्या काचेकडे बघत राहिले आणि मग हसून त्यांनी दोन्ही हात पसरले. त्यांना वाचता येत नव्हतं.

ताईबाईंना हे आधी सुचायला हवं होतं, असं त्या नंतर कितीदा तरी म्हणाल्या. तेव्हा मात्र त्यांनी चहा घेतला, डबा तिथंच ठेवला आणि परत आल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा निमगावला उतरल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत पाटी होती.

म्हस्कूंनी आधी हात झटकले. एवढ्या वयात पोरासारखं पाटीवर गिरवायचं त्यांना लाजिरवाणं वाटलं. ताईबाईंनी 'ग म भ न'पासून सुरूच केलं नाही. त्यांनी मोनाला सांगितलं, घरात दिवसभर जे बोलता तेच एक-एक शब्द डब्यासमोर म्हण. मोना म्हणाली, "पाणी." काचेवर मोठ्या अक्षरात आलं. ताईबाईंनी ते पाटीवर उतरवलं आणि लोटीकडे बोट केलं. मग चहा. मग भाकर. मग मोना. सुनेचं नाव असं दिसतं, हे बघून म्हस्कूंनी पाटी ओढून घेतली.

दर आठवड्याला ताईबाई जात राहिल्या. कधी पेरूची पिशवी घेऊन, कधी नुसती पाटी. मधल्या दिवसांत मोना शिकवायची. दिवाळी झाली, थंडी पडली. म्हस्कूंना शब्द ओळखू यायला लागले, मग जोडून वाचता यायला लागले. जोडाक्षर आलं की ते अजून रागानं काचेवर बोट आपटतात.

परवाच्या बाजाराला ताईबाई गेल्या तेव्हा म्हस्कू दारातच बसले होते. त्यांनी बायकोला हाक मारली आणि डबा तिच्यापुढं सरकवला. खुणेनं म्हणाले, बोल, तू बोल, मी वाचतो. म्हातारी लाजली. एवढ्या वर्षांनी नवऱ्याशी बोलायचं, तेही माणसांपुढं. मोना म्हणाली, "अवो आत्या, मनात असंल ते बोला." म्हातारीनं नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डब्याकडे तोंड करून एक वाक्य म्हणाली.

म्हस्कू काचेवर वाकले. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचायला लागले, "आ… आधी… आं… आंघो…" थांबले. 'ळ' वर बोट अडलं. ताईबाईंनी पाटीवर त्यांच्या ओळखीचा 'डाळ' हा शब्द काढला आणि 'ळ' खाली रेघ ओढली.

"आधी आंघोळ करा," म्हस्कूंनी पुरतं वाचलं, आणि वाचल्यावर त्याचा अर्थ लागला तसे बायकोकडे वळले. "केली की सकाळीच!"

म्हातारी डब्याला म्हणाली, "न्हाय केली." ताईबाई पुढच्या शब्दासाठी पाटी पुसायला लागल्या.